सुक्याबरोबर ओलेही जळते

 

आज आम्ही सरकारी नोकरीवर बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आम्ही रानात खुरपणाऱ्या, शेळ्यांमागे फिरणाऱ्या बाया, आमचा आणि सरकारी नोकरीचा काय संबंध? पण मैत्रिणींनो, घरातला मुलगा पदवी घेऊन आला की शेजारीण पहिल्यांदा काय विचारते? "कुठे चिकटला का?" मुलीला स्थळ आले की आपण काय विचारतो? "सरकारी आहे का?" पूर्वीची म्हातारी माणसे म्हणायची, उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी. आता ती म्हण उलटी झाली आहे. शेतीवाल्या मुलाला मुलगी मिळेना, आणि शिपायाच्या जागेला पदव्या घेतलेली मुले रांगेत उभी आहेत.

आम्ही स्वतः बीए झालो, तेव्हा चार वर्षे परीक्षांचे फॉर्म भरले. एकदा तर तीन गुणांनी यादीतून बाहेर राहिलो. त्यामुळे नोकरीची ओढ काय असते, ते आम्हाला कोणी सांगायला नको. आज जे सांगणार आहोत, ते कोणाला नावे ठेवायला नाही. आमच्याच एका गटाच्या बैठकीत जे घडले, तिथून सुरुवात करतो.

गट अकरा बायांचा. दर महिन्याला दोनशे रुपये बचत, सात वर्षे गट चालू, बँकेचे कर्ज वेळेवर फेडलेले. त्या दिवशी एका ताईंनी दोन लाखांची मागणी केली. आमच्या गटात एवढी मोठी रक्कम एकटीने कधी मागितली नव्हती. सचिव ताईंनी वही उघडली आणि विचारले, "कारण काय लिहू?"

ताई म्हणाल्या, "लिही शेळीपालन."

सगळ्या गप्प. कारण सगळ्यांना माहीत होते. त्यांच्या मुलाला एका शाळेत शिपायाची जागा मिळवून देतो असे एका मध्यस्थाने सांगितले होते. नऊ लाख. चार आधी, पाच ऑर्डर हातात आल्यावर. ताईंचा हिशोब तयार होता. दोन लाख गटाचे, एक लाख भावाकडून, एक लाख सोने गहाण टाकून. राहिलेल्या पाच लाखांसाठी अर्धा एकर जमीन विकायची.

सचिव ताईंचा पेन वहीवर तसाच थांबला.

मग चर्चा सुरू झाली. एक जण म्हणाली, "पैसे दिल्याशिवाय कोणाला लागते आजकाल? माझ्या दिरांनी दिले होते, दहा वर्षे झाली, आरामात आहेत." दुसरी म्हणाली, "एकदा लागला की जन्माची चिंता मिटली. सरकारी नोकरीतून कोणी काढते का?" तिसरी म्हणाली, "काढत नाही, पण हे लिहायचे कसे?" आम्ही आठ दिवस मागून घेतले. म्हणालो, पुढच्या बैठकीत निर्णय करू. तेवढ्यात आम्ही थोडी माहिती काढून आणतो.

ती माहिती पश्चिम बंगालची होती. आज तुम्हालाही तीच सांगतो.

पश्चिम बंगालमध्ये २०१६ साली शाळांसाठी मोठी भरती निघाली. नववी ते बारावीचे शिक्षक, शाळेतले कारकून आणि शिपाई. जागा २४,६४० आणि परीक्षेला बसलेले उमेदवार सुमारे २३ लाख. म्हणजे एका जागेमागे नव्वदपेक्षा जास्त जण. पुढे नेमणुकीची पत्रे निघाली, ती २५,७५३. जागांपेक्षा पत्रेच हजाराने जास्त! माणसे रुजू झाली, शिकवू लागली. कोणी घरासाठी कर्ज काढले, कोणाची लग्ने झाली, मुले झाली.

मग तक्रारी न्यायालयात गेल्या. तपासात निघाले, की काहींनी उत्तरपत्रिका जवळजवळ कोरी ठेवली होती, तरी त्यांना गुण मिळाले होते. काहींना यादीत मागचा क्रमांक असताना पुढच्यांना डावलून घेतले होते. काहींचे तर यादीत नावच नव्हते. २२ एप्रिल २०२४ ला कोलकाता उच्च न्यायालयाने ही सगळी भरती रद्द केली. त्यानंतर ३ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम ठेवला. एका सकाळी २५,७५३ माणसांची नोकरी गेली.

हा आकडा मोठा वाटतो, पण डोळ्यांसमोर येत नाही. आम्ही बैठकीत असे सांगितले, की आपल्या गावात तीनशे घरे आहेत. अशी पंचाऐंशी गावे घ्या. त्या सगळ्या गावांतल्या प्रत्येक घरातला कमावता माणूस एकाच दिवशी घरी बसला, असे समजा.

आता नीट ऐका. ज्यांनी गैरमार्गाने नोकरी मिळवली असे सिद्ध झाले, त्यांना न्यायालयाने सांगितले, की घेतलेला पगारही परत करा. उच्च न्यायालयाने त्यावर बारा टक्के व्याज धरले होते. आपण आपला हिशोब करू. समजा, महिना वीस हजार पगार. पाच वर्षे नोकरी केली. साठ महिन्यांचे झाले बारा लाख. ते बारा लाख तर घरात खर्च झाले. ते परत द्यायचे, वर व्याज द्यायचे. मध्यस्थाला दिलेले नऊ लाख गेले ते गेलेच. त्याची पावती कोणाकडे असते? जमीन गेली, सोने गेले, नोकरी गेली, आणि डोक्यावर कर्ज वेगळे.

हे ऐकून बैठकीत एका ताईंनी विचारले, "पण सगळ्यांनीच थोडे पैसे दिले असतील? जी पोरे अभ्यास करून लागली, त्यांचे काय झाले?"

मैत्रिणींनो, खरे दुखणे इथेच आहे. त्यांचीही नोकरी गेली.

त्या २५,७५३ मध्ये हजारो जण असे होते, की ज्यांच्यावर कसलाही आरोप सिद्ध झालेला नव्हता. रात्र-रात्र अभ्यास करून लागलेले. न्यायालयाने त्यांना पगार परत करायला सांगितले नाही. आधी दुसऱ्या सरकारी खात्यात असलेल्यांना तिकडे परत जाण्यासाठी अर्ज करायला सांगितले. दिव्यांगांना नवी निवड होईपर्यंत पगार चालू ठेवायला सांगितले. पण नेमणूक सगळ्यांचीच रद्द झाली. का? तर गहू कोणता आणि खडा कोणता, हे निवडायला साधनच उरले नव्हते. मूळ उत्तरपत्रिका नष्ट केलेल्या होत्या. त्यांच्या प्रती ज्या जपून ठेवायला हव्या होत्या, त्याही आयोगाकडे नव्हत्या. न्यायालयाने म्हटले, की गैरप्रकार आणि ते झाकण्याची धडपड एवढी मोठी आहे, की ही सगळी भरतीच दुरुस्त होण्यापलीकडे गेली आहे.

आमच्या गटात एक सत्तरीच्या आजी आहेत. अंगठा सोडून सही शिकल्या, त्या. त्या एवढेच म्हणाल्या, "सुक्याबरोबर ओलेही जळते बाई."

आणि आमच्या सचिव ताईंनी आपल्या हातातली वही मिटली. त्या म्हणाल्या, "म्हणजे तिथे वही नीट असती, तर चांगली माणसे वाचली असती."

आम्ही इतकी वर्षे गटांना सांगतो, वही नीट लिहा, खोटे कारण लिहू नका, खाडाखोड करू नका. बायांना वाटते, या ताई उगाच मागे लागतात. पण त्या दिवशी अकराही जणींना कळले, की वही ही आपल्यातल्या प्रामाणिक बाईची ढाल असते. शेळीपालन लिहून नोकरीसाठी पैसे दिले, आणि उद्या ते बुडाले, तर बँक एका ताईला विचारणार नाही. अकराही जणींना विचारेल. गट डागाळेल. ज्या बाईने खरोखर शेळ्यांसाठी पैसे मागितले, तिच्या अर्जावरही उद्या संशय येईल.

आपल्याकडे असे होत नाही, असे कोणी म्हणू नये. आपल्या महाराष्ट्रातही शिक्षक पात्रता परीक्षेत, म्हणजे टीईटीत, गुण वाढवून दिल्याचे प्रकरण पुणे पोलिसांनी २०२१ साली बाहेर काढले. २०२२ मध्ये परीक्षा परिषदेने साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई केली. तेव्हाही प्रामाणिकपणे पास झालेल्या मुलामुलींकडे लोक संशयाने बघू लागले होते.

आता आपण नोकरी गेलेल्या घरांकडे आणि मागे राहिलेल्या शाळांकडे बघू.

शिक्षक गेला, कारकून गेला, शिपाई गेला, की आधी वर्ग बंद पडतो. बंगालमध्ये काही शाळांत विज्ञान शिकवायला माणूस उरला नाही. कुठे मुख्याध्यापकांनाच घंटा वाजवायची वेळ आली. शिक्षण मंडळाला सर्वोच्च न्यायालयात जाऊन सांगावे लागले, की शाळा चालवणे कठीण झाले आहे. तेव्हा १७ एप्रिल २०२५ ला न्यायालयाने, ज्या शिक्षकांवर डाग नाही, त्यांना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत शिकवण्याची मुभा दिली, आणि तोपर्यंत नवी भरती करायला सांगितली. पण कारकून आणि शिपायांना ही मुभा मिळाली नाही. राज्य सरकारने त्यांना महिन्याला काही मदत द्यायचे ठरवले, तर त्यालाही उच्च न्यायालयाने जूनमध्ये स्थगिती दिली.

सप्टेंबर २०२५ मध्ये नवी परीक्षा झाली. पाच-सहा वर्षे वर्गात शिकवलेले शिक्षक पुन्हा परीक्षेच्या बाकावर जाऊन बसले, आपल्यापेक्षा कितीतरी लहान मुलामुलींच्या शेजारी. त्यात लेकरे घरी ठेवून आलेल्या आयाही होत्या. एकदा पास झालेली परीक्षा पुन्हा द्यायची, आणि नापास झालो तर गावात तोंड कसे दाखवायचे, ही भीती घेऊन. आम्ही स्वतः तीन गुणांनी मागे राहिलो होतो, म्हणून ती भीती आम्हाला कळते.

हे पहिल्यांदा झाले, असेही नाही. त्रिपुरा राज्यात १०,३२३ शिक्षकांची नोकरी अशीच गेली. त्यांच्या भरतीचे धोरणच चुकीचे होते, असे २०१४ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ठरवले, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०२० पर्यंत गेली. तारीख लक्षात येते का? देशात टाळेबंदी लागून तेव्हा आठवडाही झाला नव्हता. बाहेर पडून दुसरे काम शोधायचीही सोय नव्हती. त्या शिक्षकांना तिकडे आजही 'दहा हजार तीनशे तेवीस' म्हणूनच ओळखतात. धोरण सरकारने आखले, चूक सरकारच्या कागदात झाली, पण आकडा त्या माणसांच्या कपाळावर लागला.

तमिळनाडूची गोष्ट वेगळी. तिथे जुलै २००३ मध्ये सरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. पेन्शन आणि इतर सवलतींत केलेली कपात त्यांना मान्य नव्हती. सरकारने घाईने कायदा कडक केला आणि सुमारे १ लाख ७० हजार जणांना कामावरून काढून टाकले. चौकशी नाही, नोटीस नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ६ ऑगस्ट २००३ ला न्यायालयाने सांगितले, की सरकारी कर्मचाऱ्यांना संप करण्याचा मूलभूत हक्क नाही. पण बहुतेकांना परत घ्यायला सरकार तयार झाले, ते बिनशर्त माफीनामा लिहून घेऊन. काही हजारांना चौकशीसाठी बाहेर थांबावे लागले. महिनाभर लाखभर घरांत चूल पेटली ती उसनवारीवर.

तीन राज्ये, तीन कारणे. कुठे पैशांचा खेळ, कुठे सरकारचे चुकलेले धोरण, कुठे संपाचा राग. पण घरात जे होते, ते सगळीकडे सारखेच. किराणावाला उधारी बंद करतो. बँकेचा फोन येतो. सासरची माणसे टोचून बोलतात. आणि घरातली बाई आधी स्वतःचे ताट लहान करते.

हे आम्ही छातीठोकपणे सांगतो, कारण हे आमच्याही गावात घडले आहे. आमच्या दुसऱ्या एका गटातल्या वहिनींचे यजमान एका कार्यालयात कंत्राटी कामावर होते. अकरा महिन्यांचा करार, दरवर्षी नवा व्हायचा. नऊ वर्षे असेच चालले. लोक त्यांना साहेबच म्हणायचे. एका वर्षी करार नवा झालाच नाही. त्यांच्यासोबत आणखी कितीतरी जणांचा झाला नाही. काढून टाकल्याचे पत्रसुद्धा नाही. फक्त "उद्यापासून येऊ नका."

वहिनींनी गटात काहीच सांगितले नाही. पहिले दोन हप्ते त्यांनी कानातले मोडून भरले. तिसरा हप्ता भरायला घरपोच कर्ज देणाऱ्या एका कंपनीकडून कर्ज घेतले. चौथ्या महिन्यात त्या कंपनीचा माणूस दारात येऊन बसला, तेव्हा आम्हाला कळले. यजमान रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडत होते, आणि बसस्टँडवर दिवस काढून संध्याकाळी परत येत होते. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. वहिनी रोज डबा भरून देत होत्या.

आम्ही विचारले, "वहिनी, सांगितले का नाहीत?" त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळ्या माझ्याकडे साहेबाची बायको म्हणून बघत होता."

हे आम्हाला फार लागले. त्यात आमचीही चूक होती. नोकरीला आम्हीच एवढे डोक्यावर घेतले होते, की ती गेल्यावर त्या बाईला गटात बसायची लाज वाटली.

मग गटाने काय केले? बैठकीत उघड ठराव केला. राहिलेल्या कर्जाचा हप्ता अर्धा केला आणि मुदत वाढवली. चार महिने दंड माफ केला. आधी त्या कंपनीचे महाग कर्ज फेडायला ग्रामसंघातून मदत मिळवून दिली. वहिनींना शिवण येत होते. शाळेच्या गणवेशाचे काम गटाला मिळाले, त्यात त्यांचे नाव आधी घातले. यजमान आता एका कृषी सेवा केंद्रात हिशोब लिहितात. पगार निम्मा आहे. पण डबा घेऊन खरोखर कामावर जातात.

यातून आम्ही जे शिकलो, ते तुम्हाला सांगतो. शक्य असेल त्यांनी वहीत टिपून घ्या.

पहिली गोष्ट, घरातला पगार थांबला, तर पहिल्याच बैठकीत गटाला सांगा. उशिरा सांगितले, की कर्जाला कर्ज लागते. आणि गटाने ऐकून घ्यायचे. नाक मुरडायचे नाही, गावभर करायचे नाही.

दुसरी, घरातली सगळी देणी एका कागदावर लिहा. बँक, गट, सोनार, दुकान, नातेवाईक. ज्याचे व्याज सर्वांत जास्त, ते आधी. एक कर्ज फेडायला दुसरे महाग कर्ज काढू नका.

तिसरी, कागद गोळा करा. नेमणुकीचे पत्र, करार, पगाराच्या पावत्या, हजेरीची नोंद. कंत्राटी माणसाचा पीएफ कापला जात होता का, त्याचा यूएएन नंबर काय, हे त्याला नोकरीवर असतानाच विचारून ठेवा. पगार गेल्यावर हे कागद मिळवायला खेटे घालावे लागतात.

चौथी, न्यायासाठी पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. फोन नंबर आहे १५१००.

पाचवी, घरातला माणूस गप्प झाला, जेवेना, झोपेना, तर त्याला एकटे सोडू नका. टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, नंबर १४४१६. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येते. नोकरी गेली म्हणजे माणूस गेला नाही, हे त्याला कोणीतरी म्हणायला हवे. आणि ते बहुतेक वेळा आपल्यालाच म्हणावे लागते.

सहावी, घरात पगार असेल, तेव्हाच दुसरी मिळकत उभी करा. चार कोंबड्या असोत, शिलाई असो, पापड असोत. पगार म्हणजे बारमाही विहीर नव्हे. ती कधी आटेल, हे सांगून आटत नाही.

आणि सातवी, नोकरी लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४ आहे. तक्रार करायची भीती वाटत असेल, तर निदान पैसे तरी देऊ नका.

आता पहिल्या ताईंकडे परत येतो. तुम्ही वाट बघत असाल.

आठ दिवसांनी बैठक झाली. आम्ही बंगालचे सगळे सांगितले. ताई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्हाला सांगायला सोपे आहे. माझा पोरगा सव्वीस वर्षांचा झाला. त्याचे लग्न जमेना. त्याच्या बरोबरीची पोरे बुलेटवर फिरतात, आणि हा दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपतो. मी आई आहे. मी काय करू?"

कोणाजवळच त्याचे उत्तर नव्हते. आमच्याजवळही नव्हते. सरकारने जागा वेळेवर भरल्या असत्या, परीक्षा नीट घेतल्या असत्या, तर या आईला नऊ लाखांचा विचार करावा लागला नसता, हेही खरे आहे. बाईने लाच देऊ नये हे आपण म्हणतो, पण भरती स्वच्छ ठेवायची जबाबदारी काही त्या बाईची नाही. ती ज्यांची आहे, त्यांना आपण ग्रामसभेत, मते मागायला आल्यावर, विचारले पाहिजे. किती जागा रिकाम्या आहेत? भरती कधी? कंत्राटी किती, कायम किती? हे प्रश्न फक्त मुलांचे नाहीत. ज्या शाळेत शिक्षक नाही, ज्या उपकेंद्रात नर्स नाही, तिथे त्रास आपल्यालाच होतो.

गटाने दोन लाख नाकारले. वहीत स्पष्ट लिहिले, "नोकरीसाठी रक्कम देण्याकरिता मागणी, नामंजूर." सचिव ताईंचा हात थरथरत होता, पण त्यांनी लिहिले. ताई उठून गेल्या. पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. बचत मुलीच्या हाती पाठवली. आम्ही घरी गेलो, तर चहा ठेवला, पण बोलल्या नाहीत.

तिसऱ्या बैठकीला त्या आल्या. जमीन विकलेली नव्हती. सोने कपाटात होते. म्हणाल्या, "चाळीस हजार पाहिजेत. दोन शेळ्या आणि एक बोकड घेते. या वेळी खरेच शेळीपालन लिही." सगळ्या हसल्या, त्याही हसल्या, आणि मग डोळे पुसले.

मुलाला अजून नोकरी लागलेली नाही, हेही सांगतो. तो सकाळी शेळ्या बघतो, दुपारी ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत बसतो. पुढच्या परीक्षेचा फॉर्म त्याने भरला आहे. लागेल का? आम्ही सांगू शकत नाही. पण लागला, तर रात्री शांत झोपेल. कोणी त्याच्याकडे बोट दाखवणार नाही, आणि त्याच्यामुळे दुसऱ्या कोणा गरीब आईच्या लेकराची नोकरी जाणार नाही.

मैत्रिणींनो, आपल्या पुढच्या बैठकीत तीन प्रश्नांवर बोला. आपल्या गटातल्या कोणाच्या घरात पगार थांबला आहे, आणि ती गप्प आहे का? आपल्या वहीत लिहिलेली कर्जाची कारणे खरी आहेत का? आणि आपल्या गावच्या शाळेत, अंगणवाडीत, उपकेंद्रात किती जागा रिकाम्या आहेत? उत्तरे इतिवृत्तात लिहा. आम्ही पुढच्या महिन्यात गटात आलो, की पहिल्यांदा तीच वही उघडून बघणार आहोत.

तोपर्यंत एकमेकींना सांभाळा. नमस्कार.